काच दुहेरी

चैत्रात माझी स्वतःचीच पिग्मी सुटली,
नऊ हजार चारशे,
दुसऱ्यांच्या दारात उभं राहता राहता
वीस-वीस रुपयांनी साठलेली.
आई म्हणाली, कानातलं कर.
मी स्कूटी वळवली मालवणात, बस्त्यावच्या दुकानाकडे.

तिथे शिशाची वजनं, नायलॉनची जाळी,
आऊटबोर्डची पाती मिळतात, अजूनही.
पण मागच्या भिंतीला, दोरखंडाच्या भेंडोळ्यांच्या जागी,
आता पेंटबॉलच्या बंदुका टांगल्यात
सुकत घातलेल्या मासळीसारख्या,
तोंडं खाली करून.

"मार्कर म्हण," बस्त्याव म्हणाला.
"बंदूक म्हटलं की पोलीस पाटील चहाला येतो."

मी सगळ्यात काळी, सगळ्यात लांब उचलली.
मनात केव्हाच आडवी झाले होते
आचरा रस्त्यावरच्या बंद चिरेखाणीत,
जिथे रविवारी पोरं एकमेकांना
निळी-पिवळी करतात.

त्याने ती हातातून काढून घेतली.
किती वेळा खेळलीस?
दोनदा.
सामान?
भाड्याचं.
"मग बंदूक वर्षभर भाड्याचीच राहू दे.
तू धावणारी की दगडाआड दबून बसणारी,
हे तुलाच अजून ठाऊक नाही.
नळी किती लांब हवी, मी कसं सांगू?"

याला माल खपवायचा नाही की काय, मला वाटलं.

मग त्याने काउंटर पुसला
आणि मुखवटा ठेवला.
"काच दुहेरी आहे. एकेरी घेशील तर आपल्या हवेत
दुसऱ्या मिनिटाला आतून धुकं.
कपाळ टेकव. हनुवटी आत. आता वाक. आता उडी मार."
मारली.
गळ घ्यायला आलेली पारूबाय, माझ्याच लाईनीतली,
पदर तोंडाला लावून हसली:
"गो पिग्मी, ह्यां काय गो?"

गुडघ्यांचे पॅड घेतले, कातळ सोलतो म्हणून.
हातमोजे नाही घेतले, भावाचे क्रिकेटचे आहेत.
गोळ्या मोजून दोनशे.
"साठा करू नकोस. जिलेटिन आहे,
दमट हवेत फुगतं, नळीत अडकतं.
तांदळाच्या डब्यात ठेव. पण आईला सांगून."
आणि टाकी पुढल्या वर्षी घेशील तेव्हा हवेची घे,
तारकर्लीचे डायव्हिंगवाले भरून देतील.
ज्या हवेवर पुण्याची माणसं मासे बघतात
त्याच हवेवर तू नेम धरशील.

निम्मे पैसे उरले. कानातलं होणार नाही तेवढ्यात,
पण आईला तसं सांगितलं नाही.

बाबा पडवीत होते.
"बंदूक खंय हा?"
घेतली नाही म्हटलं, आधी हे.
त्यांनी मुखवटा हातात घेतला,
नखाने काचेवर टकटक केली,
मग डावा डोळा जवळ नेला, तोच एक आहे.
उजवा अठ्ठ्याण्णव साली
चिऱ्याच्या कपचीने नेला, त्याच खाणीत, जेवणाच्या सुट्टीआधी.
"ही फुटणा नाय मां?"
नाही.
"तेव्हा गावायचो असो?"
गावत नसावा, मी म्हटलं.
मला माहीत नव्हतं. गावत असेल.

त्यांनी तो चढवला, पट्टा सैल केला,
आणि तसेच बसले अंगणाकडे बघत.
कोंबड्या दाणे टिपत होत्या.
शेजारचा पोरगा कुंपणाशी थबकला, घाबरून पळाला.
मी चहा आणला तरी काढेनात.

मग आतून, डब्यातून आल्यासारखा आवाज:
"उजव्या कोनशाक बस.
थंय चिरो कच्चो लागलो, म्हणान आम्ही अर्धोच सोडलेलो.
तुझी पाठ राखतलो."