पकड

कुतैसीत, बेकरीच्या वरच्या खोलीत
बाद्री पत्ते पिसतो. चेपल्या कानांचा जुना पैलवान.
"नुत्सा, तुझा गडी जड आहे. त्यानं धावायचं नाही.
आधी मार खा. थोडा.
ढालीचे पत्ते हातात ठेव.
आणि पकडीचा एक. तो इतक्यात दाखवू नकोस."

मी पहिल्याच डावात दाखवला.
ठोसा आधी पोचला, पकड हवेत.

दुसऱ्या डावात गप्प बसले.
त्याचे ठोसे संपत गेले, माझा जीव सातवर आला,
खालून भाजल्या पावाचा वास चढत राहिला.
मग त्यानंच ढाल उचलली, दमून.

ढालीला धरता येतं.
हे त्यानं सांगितलं नव्हतं.

आपटला.
बाद्री कान चोळत हसला, म्हणाला,
"आता तू पिस."