चिकाचे पैसे

गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी
गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळतात.
पेल्यात धार, धारेवर फेस.
तालमीतली पोरं उभ्याउभ्या पेला रिकामा करून
मिशीवरचा फेस मनगटानं पुसतात.
मी बरणी पुढे करते
बर्फाच्या डब्यातली, झाकणावर तारीख.

दौलू गवळी पहिल्याच दिवशी म्हणाला,
"पीत न्हाईसा, तापवत न्हाईसा,
मग करता तरी काय बाई दुधाचं?"

साय काढते. केसीन खाली बसवते.
मग शमशाद शिकलगार नळ्या तोलते.
तिचे पणजोबा तलवारींना धार लावायचे,
ही ग्रॅमच्या शंभराव्या भागासाठी श्वास रोखते.
मिनिटाला तीस हजार फेरे, अडीच तास,
भिंतीला कान लावला तर एकच लांब हुंकार,
आणि नळीच्या बुडाशी उरतो
नखाएवढा डाग, पिवळसर,
दिसला तर दिसला.

त्यात अब्जावधी पुटिका.
पेशीनं आपल्याच कातडीचा तुकडा मुडपून
बांधलेल्या पुरचुंड्या.
आधी वाटायचं, केर असेल,
पेशी उंबऱ्याबाहेर लोटते तो.
मग कुणीतरी केर उचकून पाहिला
तर आत निरोप.

नुसता आरएनए रक्तात सोडला
तर चार पावलं जात नाही, वाटेतच फाडतात त्याला.
कारखान्यातल्या गोळ्यांत घातला
तर यकृतात जाऊन बसकण मारतो.
पुरचुंडी अंगचीच वाटते शरीराला, दार उघडतं,
असं आम्ही अर्जात लिहितो.
सतरा नंबरच्या उंदरात नाही उघडलं.
अठरात किलकिलं झालं,
शमशादनं त्या दिवशी सगळ्यांना भेळ दिली.

"दुधात चिठ्ठ्या असतात, दौलूमामा.
त्या पुरचुंडीत आपली एक चिठ्ठी सरकवायची."
"कुणाला?"
"आजारी पेशीला."
तो म्हशीचा पुठ्ठा थोपटत राहिला.

पुढच्या आठवड्यात नातवाला घेऊन आला.
जित्या. सात वर्षं. पोटऱ्या अशा भरलेल्या
की सगळी गल्ली म्हणायची, पैलवान हुतंय पोरगं,
आणि आखाड्यातल्या वस्तादानं तर
कौतुकानं चापटही मारलेली त्या पोटरीवर.
पण खाली बसला की उठताना
जित्या आपल्याच गुडघ्यांवर हात टेकत
आपल्याच मांड्यांवरून वर चढायचा,
शिडीवरून चढावं तसा.
ती भर ताकदीची नव्हती.

"तुमच्या चिठ्ठीत काय लिवलंय?"
मी म्हणाले, मोडलेली ओळ सोड,
पुढची वाच. तेवढंच.
दौलू हसला. "एवढं तर मास्तर बी सांगतोय."
मग हसू तसंच ठेवून विचारलं,
"देताय न्हवं मग?"

उंदीर, म्हणाले मी. अजून उंदीरच.
किती वर्षं, त्यानं विचारलं नाही.
मला आकडा माहीत नव्हता,
आणि जित्याची वर्षं मला मोजता येत होती.
जित्या बर्फाच्या डब्याचं झाकण उघडझाप करत होता.

श्रावणात त्याची चंद्री व्याली.
दुसऱ्या दिवशी पहाटे प्रयोगशाळेच्या पायरीवर
दौलू, टॉवेलात गुंडाळलेली किटली,
चीक. दाट, हळदीसारखा.
"शमशादबाई बोलल्या, ह्यात चिठ्ठ्या लई असत्यात."
मी पाकीट काढलं.
तो मागे सरला, खरोखरच दोन पावलं.
"चिकाचं पैसं घेत न्हाईत, बाई.
गल्लीत वाटायचा असतोय.
औंदा गल्ली तुमची."

खरवस झाला असता, वेलची घालून.
आम्ही नळ्यांत ओतला.
डाग यावेळी नखाहून मोठा निघाला.

नोंदवहीत शमशाद लिहीत होती:
नमुना एक्केचाळीस. चीक, म्हशीचा. वेत तिसरं.
किंमत?
तिनं वर पाहिलं. मी नळीकडे पाहत राहिले.
तो रकाना मोकळाच आहे.
लेखापरीक्षक दोनदा खूण करून गेलेत.