दोन खिडक्यांमधलं अंतर

विट्यात, मायणी रस्त्याला, बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये
आमची रेंज आहे. दहा मीटर, चार लेन.
मागांच्या पायांचे बोल्ट कापूनही
फरशीत बोटभर उरलेत अजून;
नवं पोर आलं की आधी ठेचकाळतं, मग नेम शिकतं.

नाझनीन शिकलगारचे छर्रे
गेले तीन आठवडे उभ्या रेषेत पडतायत.
डावं-उजवं चोख. वर-खाली मात्र
भिशीच्या न जुळणाऱ्या हिशेबासारखं.
ती म्हणते, बंदूक.
मी म्हणते, श्वास.
आणि तिच्या वहीत लाल पेनाने तसं लिहिते.

शेवटी वेग मोजायचं यंत्र घ्यायचं ठरलं.
खरं सांगायचं तर, तिला गप्प करायला.
क्लबच्या डब्यात अकरा हजार चारशे,
त्यातच फेब्रुवारीचं वीजबिल.

रडारवालं पाहिलं आधी. बंदुकीशेजारी ठेवायचं, बास.
ऊन बघत नाही, सावली बघत नाही.
किंमत ऐकून मी ते इतकं हळू खाली ठेवलं
जसं दुसऱ्याचं तान्हं.
एक होतं नळीला पट्ट्याने बांधायचं;
शिशाचा छर्रा त्याला धड कळेल की नाही, दुकानदारच चाचरला.
शिवाय ताप बघायला जाऊन
रोग्याच्या छातीवरच बसायचं ते.
उरलं दोन खिडक्यांचं.
पहिल्या खिडकीत सावली, दुसऱ्या खिडकीत सावली,
मधलं अंतर ठरलेलं,
वेळ तेवढा मोजायचा. सातवीचं गणित.

आमचे आण्णा गलाईवाले.
सव्वीस वर्षं वारंगळला लोकांचं सोनं आटवलं
आणि दुकान आवरलं तेव्हा काचेच्या पेटीतला काटा
मांडीवर घेऊन रेल्वेने आले.
छर्रे मी त्याच काट्यावर निवडते:
शून्य पूर्णांक त्रेपन्न ग्रॅम. बाकीचे सरावाच्या डबीत.
नवा खोका त्यांनी उलटसुलट करून पाहिला.
म्हणाले, "काटा खोटं बोलत नाही, पोरी.
पण पंखा चालू असला की बोलतो."

पहिल्या दिवशी यंत्र म्हणालं, चारशे बारा.
मग नव्वद.
मग पडद्यावर नुसती आडवी रेघ.
पैसे बुडाले म्हणून मी खोक्यावरचा पत्ता शोधत होते,
तेव्हा आयटीआयचा संघर्ष झिमरे
मान वर करून बघत राहिला. ट्यूबलाइटकडे.
सेकंदाला शंभरदा लुकलुकते ती, मॅडम.
आपल्याला दिसत नाही. याला दिसतं.

सगळे दिवे बंद.
वर बॅटरी टांगली, तिच्याखाली
पतंगाचा पांढरा कागद, चिकटपट्टीने.
काळोख्या शेडमध्ये ताटाएवढा उजेड
आणि त्यातून छर्रा जाणार.

एकशे बहात्तर.
एकशे बहात्तर.
एकशे पासष्ट.
संघर्ष मोठ्याने वाचत होता, बाजार समितीतल्या लिलावासारखा.
एकशे एकाहत्तर. एकशे चौसष्ट.
मग बंदूक मेजावर आवळून बांधली,
नाझनीनला लांब उभं केलं, घोडा मी ओढला.
एकशे त्र्याहत्तर.
एकशे पासष्ट.

सात मीटरचा फरक लक्ष्यावर
जेमतेम दीड मिलिमीटर.
दहाचा ठिपका अर्ध्याचा.
हवेच्या झडपेतलं वॉशर चिरलेलं निघालं,
नखाएवढं, काळं.
तेवढ्यासाठी मी तीन आठवडे एका पोरीचा श्वास अडवून धरला होता.

काही बोलली नाही ती.
वही उघडून माझ्यापुढे सरकवली, पेनसकट.
एकोणीस ठिकाणी "श्वास".
बॅटरीच्या उजेडात एकेक खोडायला बसले;
अकराव्याला पेन अडकलं, झटकलं, फरशीवर लाल ठिपके.

"मॅडम, ते राहू द्या नंतर.
वॉशर येईपर्यंत दोन नंबरची बंदूक द्या ना.
जिल्ह्याला नऊच दिवस उरलेत."