नवटाक तेल

कौन्सिल हॉलजवळच्या दगडी दफ्तरखान्यात
एप्रिलच्या कोरड्या दुपारी
मी एका देवळाचा समुद्र वाचते.
मोडीतून देवनागरी, पानाला ऐंशी रुपये.

काम दिलंय कातळवेळच्या देवस्थान ट्रस्टने.
पौर्णिमेला पहिला नारळ दर्यात कोणी सोडायचा,
खोतांनी की भंडाऱ्यांनी,
यावर अठरा वर्षं दावा चाललाय.
वकील फोनवर म्हणाले, बाई, फक्त मानाचं शोधा,
बाकीचं राहू द्या.

बाकीचंच फार आहे.

श्री कातळेश्वर. नंदादीपास तेल दररोज पाव शेर.
चौघडा, असामी चार. पैकी एकास दम्याची व्यथा, सबब तीन.
भरतीचं पाणी गाभाऱ्यात शिरलं की पूजा थांबवावी,
गुरवाने उंबऱ्यावर बसावं,
देवाचं न्हाणं उरकेतो कोणी बोलू नये.
(इथे कारकुनाने बोरू बुडवून
पुन्हा लिहिलंय: कोणी बोलू नये.)
कौलाला अबोलीचे कळे.
उजवा पडला तर होड्या सुटाव्या,
डावा पडला तर जाळी वाळत राहू द्यावी,
आणि काहीच पडलं नाही
तर देव निजलाय असं समजावं,
रागावलाय असं नव्हे.

पान झटकलं की वाळू चमकते.
समुद्राची नाही,
शाई वाळवायला टाकलेली.
मुठेची असावी.

मी समुद्र पाहिला तो एकदाच,
शाळेच्या सहलीत, तोही ओहोटीचा.

एकशे त्रेपन्नाव्या पानावर हिशेब चुकतो.
दीपमाळेच्या तेलात तूट, नवटाक.
सात वर्षं सलग,
दर अमावास्येला, नवटाकच.

पुण्याहून हुकूम सुटला.
सोनू बिन बाबणी गुरव घाट चढून आला,
मृगाच्या तोंडावर, पायात काही नाही,
(हेही लिहिलंय, का कोण जाणे)
आणि त्याची जबानी घेतली, ती येणेप्रमाणे:

‘सरकारांतून नेमणूक ती देवास पावते.
अवसेस देवास दिसते, त्यास दिवा नलगे.
खडकावर कोळीण आहे तीस नवटाक देतो.
तिचा दादला व दोघे लेक दर्यावर गेले ते आले नाहीत.
ती पणती ठेविते.
ते आले नाहीत, परंतु त्या उजेडे
परक्यांच्या सोळा होड्या लागल्या.
तेल आपण खादले नाही.
दर्याचा हिशेब आपणांस येत नाही.
हुजुरांस येत असल्यास मांडून द्यावा.’

खाली एक आडवी रेघ.
पुढचं पान कसरीने खाल्लंय,
जाळी झालीय त्याची, मासळीच्या जाळ्यासारखीच.
दंड झाला, की माफी,
की नुसतंच जा म्हणाले आणि तो गेला
पाऊस सुरू झालेल्या घाटातून?
भिंग फिरवून फिरवून डोळे चुरचुरतात.
‘सोहनीबाई, साडेपाच,’ झांबरे शिपाई किल्ल्या वाजवतो.

आणि मानाचं म्हणाल तर
दोनशे पानांत, दर वर्षी, एकच ओळ:
नारळ १, दर्यास पावला.
कोणी सोडला ते लिहायचं
कोणालाच सुचलं नाही.

वकिलांना हे आवडणार नाही.
ट्रस्टचा मुलगा सांगत होता, आता हॅलोजन आहे तिथे,
आणि भिंतही बांधलीय, चांगली बारा फुटी,
भरती आत येत नाही.
मग देव न्हातो कधी, विचारायचं राहिलं.

बसची वाट बघताना सवयीने बोट ओठाला लावलं.
खारट. घामच असणार,
पुण्याचा उन्हाळा आहे.

रात्री बिल केलं. पानं, दर, एकूण.
खाली आणखी एक ओळ घातली:
वजा, नवटाक तेलाचे.
पुढे काय लिहावं कळेना.
रकाना कोरा ठेवलाय.