परकारांसमोर बोलू नका

नाटक येतंय.
मस्कतला, सोळा तारखेला, शुक्रवारी,
आणि इथे सोहारमध्ये आम्ही अकरा जण
महिनाभर आधीच अंगात कणकण असल्यासारखे.

वाघधरे स्मेल्टरवर रात्रपाळीला असतात.
भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून
दुसऱ्या अंकातलं स्वगत म्हणून पाहतात.
त्यांचा बंगाली मदतनीस आता
राजा श्वास घेतो तिथे बरोबर मान हलवतो.

इंदुमती हर्षेंचा मात्र दिग्दर्शिकेवर राग आहे.
पोरगी एकतीस वर्षांची,
तिनं म्हणे पदं कापली, सिंहासन काढून टाकलं,
राजा अख्खं नाटक प्लास्टिकच्या खुर्चीत.
"खुर्चीतून पडून कोण मोठा होतो हो?"
असं विचारतात हर्षेबाई,
आणि पहिल्या रांगेची दोन तिकिटं काढतात.

राणी कोण करणार यावर
मासळीबाजाराच्या पार्किंगमध्ये जुंपली.
पिशवीतला बर्फ वितळून
सुरमईचं पाणी चपलांपर्यंत आलं
तरी कुणी हटेना.
आणि तो पेला? शेवटचा?
कुणाच्या आठवणीत तो पितळी, गडगडत
पार तबलजीच्या पायाशी गेलेला,
कुणाच्या आठवणीत नुसता आवाज, अंधारात.
मी म्हटलं, काचेचा असला तर?
सगळे माझ्याकडे असे बघायला लागले
की जणू मीच त्यात विष कालवलं.

एवढ्यात परकारांची पांढरी पिकअप वळते
आणि आम्ही कांद्याच्या भावावर येतो.

कारण परकारांनी शेवट पाहिलेला नाही.
दापोलीच्या मैदानात, कनातीत,
ते नाटक तीनदा लागलं.
तीनही वेळा मुक्कामाची एसटी
चौथ्या अंकाआधी सुटली,
आणि राजा धडधाकट असतानाच
परकार हर्णैला उतरले.
मग इथे. बत्तीस वर्षं, मासळीच्या शीतगृहात,
उन्हाळ्यातही कानटोपी.
"सांगू नका हां," पहिल्याच वर्षी म्हणाले होते
दोन्ही कानांवर तळवे ठेवून, हसत.
आम्ही पाळलं.
हर्षेंचा धाकटा, जो कुणाचं काहीच पोटात ठेवत नाही,
त्यानंही एवढं ठेवलं.

सोळाला मी त्यांच्या गाडीत.
खजुरीच्या बागा मागे पडत होत्या,
समुद्र दिसत नव्हता, पण काचेवर चिकटत होता.
परकारांनी इस्त्रीचा सदरा घातलेला,
कॉलरला अजून दुकानाची टाचणी.
बरक्याच्या पंपावर करक चहा घेतला,
कागदी पेला बॉनेटवर ठेवला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तो राणीच पिते ना?"

माझी जीभ भाजली.

"जैतून बसली होती शेवटपर्यंत. तिसऱ्या खेपेला.
मी म्हटलं, एसटी जाईल. म्हणाली, जाऊ दे.
मी गेलो. सकाळी पाळीला जायचं होतं.
ती भावाबरोबर दुसऱ्या दिवशी आली
आणि भाकरी थापता थापता सगळं सांगितलं.
राजा पडला तिथे
पिठाचा हात असा जमिनीवर मारला.
उठला तो छाप. तांदळाचा.
मला तेवढाच शेवट ठाऊक.
तुम्ही सांगितलं असतं
तर त्यावर तुमचं चढलं असतं."

जैतुनबीला जाऊन सहा वर्षं झाली,
हे आम्हा अकरा जणांना माहीत होतं.
बाकीचं नव्हतं.

मला वाघधऱ्यांची भट्टी आठवली,
हर्षेबाईंची दोन तिकिटं, पार्किंगमधलं ते भांडण,
आणि कांद्याचा भाव, वर्षानुवर्षं,
ह्या माणसानं किती मन लावून ऐकलेला.

"आता ही पोरगी काय करते
कुणास ठाऊक," ते म्हणाले.
चहा तसाच होता, वर साय धरलेली.

साडेपाच वाजले होते. पहिली घंटा पावणेसातला.
त्यांनी गाडी सुरू केली, डावा दिवा लावला,
तो टिकटिकत राहिला.
रस्ता लांबवर मोकळा होता.
त्यांनी आरशात पाहिलं,
मग पुन्हा एकदा पाहिलं.