गाडीचं तिकीट

पार्गुआच्या धक्क्यावर, गाड्यांच्या रांगेत आमचा नंबर अकरावा.
पुढे गॅस सिलिंडरचा ट्रक, त्याच्यापुढे पर्यटकांची लाल बस,
मागे टेम्पोत कुणाचीतरी मेंढरं, भिजलेली,
आळीपाळीने ओरडणारी.

एदेल्मिरा मावशी माझ्या शेजारी.
मांडीवर पर्स, पर्समध्ये इस्पितळाचे कागद.
आणि मागे, ताडपत्रीखाली, रोसाउरो काका.

तिकीटवाला एर्मोहेनेस खिडकीशी वाकला.
सवयीने माणसं मोजली : एक, दोन.
मग त्याने ताडपत्री पाहिली. तिची लांबी पाहिली.
टोपी काढून पावसात तसाच उभा राहिला.
काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं,
"ह्यांचं कसं? सामानात धरायचं?"
मावशीने माझ्याकडे असं पाहिलं
की मी पुन्हा बारा वर्षांचा झालो.
एर्मोहेनेस म्हणाला, "तिकीट गाडीचं असतं.
आतल्या माणसांना पैसे नाहीत."
आणि पावतीवर लिहिलं : माणसं, तीन.

साखळी लागली. इंजिन घुमलं.
लाल बसमधले लोक वरच्या डेकवर धावले,
कारण भोंग्यावरून सांगितलं होतं : डावीकडे समुद्रसिंह.
समुद्रसिंह बोयावर लोळत होता, एखाद्या जावयासारखा.
सगळ्यांनी फोटो काढले.

मावशी म्हणाली, "ताडपत्री सोड."
"पाऊस आहे, मावशी."
"पाऊस कधी नव्हता? हा माणूस आयुष्यात एकदाही
गाडीत बसून ही खाडी ओलांडला नाही.
मी आत बसून उलट्या करायची
आणि हे तिकडे, साखळीपाशी उभे,
वारा कुठला आहे ते मला ओरडून सांगत.
जसं काही मी विचारलं होतं."

मी दोऱ्या सोडल्या. गाठी भिजून घट्ट झालेल्या,
शेवटची दातांनी काढावी लागली.
पेटी फिक्या लाकडाची. खारं पाणी तिच्यावर उडालं.
ट्रकवाला खाली उतरला आणि सिगारेट विझवून
खिशात ठेवली, फेकली नाही.

मग बेट दिसायला लागलं.
आधी नुसती एक काळसर रेघ, मग हिरवं,
मग त्या हिरव्यावर सांडलेलं पिवळं, डोंगरच्या डोंगर.
एक परदेशी मुलगी मला म्हणाली,
"ती पिवळी फुलं! किती सुंदर!"
मी हो म्हटलं.
ते काटेरी झुडूप आहे. कुणीतरी कुंपणासाठी आणलं
आणि त्यानेच शेतं खाल्ली.
काकाने चाळीस वर्षं ते उपटलं, जाळलं,
हातांवरचे ओरखडे घेऊनच तो जेवायला बसायचा.
मावशीने काच खाली केली. बराच वेळ बघत राहिली.
"आता माजेल," म्हणाली.

पर्समधून तिने एक कागदी पुडी काढली :
तीन बटाटे, जांभळे, बोटाएवढे.
नर्सला दाखवायला त्याने घरून नेले होते,
तिचा विश्वास बसेना म्हणून, की आमच्याकडचा बटाटा
आतूनही जांभळा असतो.
एकोणीस दिवस ते खाटेशेजारच्या खणात राहिले.
आता त्यांना कोंब आलेत, पांढरे, अंधारातले,
कुठल्याही दिशेने गेलेले.
मावशीने ते मोजले, पुडी बांधली,
एर्मोहेनेसची पावती वर गुंडाळली.

चाकाओ आलं. फळी खाली पडली.
गॅसचा ट्रक काही केल्या सुरू होईना.
मागच्या मेंढरांनी गोंधळ घातला,
लाल बसच्या ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं,
पण हॉर्न कुणीच वाजवला नाही.
"असू दे," मावशी म्हणाली. "घाई ह्यांना कधी होती?"

शेवटी चारजणांनी ट्रक ढकलला.
आमची पुढची चाकं लोखंडावरून उतरली,
मग मागची, थाडकन.
मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.
मावशी मान न वळवता म्हणाली,
"धरून बसा. पुढे रस्ता खराब आहे."