तिनावर गोल

"ई-लर्निंग स्वीकारण्याची आपली तयारी?
एक ते पाच."
तिनावर गोल केला, शाईच्या पेनानं.
अठ्ठावीस वर्षं खडू; उगाच पाच कसं म्हणू.

रेकॉर्डिंगच्या खोलीत अडिवेप्पा म्हणाला,
"स्वल्प नग्री, सर."
मी नगरी ऐकलं.
कुठली, बेळगाव की बेळगावी, विचारणार
तोवर कळलं, हसायला सांगतोय.
हसलो. त्यानं तेवढंच आधी घेतलं.

पुढं बाक नाहीत. एक लाल ठिपका.
सवयीनं प्रश्न टाकला,
सवयीनंच थांबलो,
मागून कुणी खाकरेल म्हणून.
"हे कट करू?"
नको, म्हटलं. का, ते सांगता आलं नसतं.

आठ दिवसांनी फोनवर
जांबोटीहून रेणुका बिर्जेचा आवाज,
काजूच्या कारखान्यातली जेवणाची सुट्टी,
मागं टरफलांची खरखर:
"सर, तुम्ही गप्प झालासा न्हवं,
तिथं मी उत्तर दिलं. मोठ्यानं.
बायका बघूलालत्या."

काय उत्तर दिलंस, विचारायचं राहूनच गेलं.

फॉर्म कधीच वर गेलाय, तिनासकट.
आज दुसरा पाठ.
अडिवेप्पा बोटं मिटत नेतो, तीन, दोन, एक,
आणि प्रश्नानंतर मी
मनातल्या मनात सात मोजतो.
जांबोटीला पोचायला तेवढं लागतंच.